काउंटरचा आकडा आणि आमिषाची खोली: ट्रोलिंगसाठी रीळ बिनचूक लावण्याची पद्धत

येवल्यात संक्रांतीला आसारीवर मांजा गुंडाळणाऱ्या कोणत्याही मुलाला एक गोष्ट न शिकवता कळलेली असते. आसारी भरलेली असली की थोड्या वेढ्यांत बराच दोरा आत येतो, आणि ती रिकामी होत आली की तेवढ्याच दोऱ्यासाठी हात दमेपर्यंत ती फिरवावी लागते. मासेमारीच्या रिळाबाबत मात्र हीच गोष्ट मोठी माणसे विसरतात आणि लाईन काउंटरवर (सोडलेल्या दोऱ्याची लांबी आकड्यात दाखवणाऱ्या, रिळावरच्या यंत्रावर) १०० हा आकडा दिसला म्हणजे १०० फूट दोरा पाण्यात गेला, असे धरून चालतात.

ट्रोलिंग म्हणजे होडी संथ गतीने चालवत, मागे सोडलेल्या दोऱ्याला बांधलेले कृत्रिम आमिष पाण्यातून ओढत नेणे. आमिष किती खोल चालेल हे प्रामुख्याने दोऱ्याची सोडलेली लांबी, दोऱ्याची जाडी, आमिषाचा प्रकार आणि होडीचा वेग यांवर ठरते. यांपैकी लांबी हा घटक पूर्णपणे आपल्या हातात असतो आणि तोच रिळावर मोजला जातो, म्हणून बाकी सर्व गणित त्यावर उभे राहते. गंगापूर धरणावर किंवा दारणेच्या पाण्यात दोन गळ एकाच वेळी लावून फिरणाऱ्याला डाव्या बाजूला मासा लागतो, उजव्या बाजूला काहीच नाही, आणि दोन्ही काउंटर ९० दाखवत असतात. अशा वेळी नशिबाला बोल लावण्याआधी दोन्ही रिळे मोजून पाहावीत. मी स्वतः हे करायला दोन मोसम लावले. मोजले तेव्हा एका रिळाचे ९० हे प्रत्यक्षात ८८ फूट निघाले आणि दुसऱ्याचे ७४.

काउंटर नेमके काय मोजतो

बहुतेक लाईन काउंटर दोरा मोजतच नाहीत. ते स्पूलचे, म्हणजे रिळातल्या ज्या फिरत्या भागावर दोरा गुंडाळलेला असतो त्याचे, फेरे मोजतात आणि एका फेऱ्यात अमुक इतका दोरा जातो असे गृहीत धरून फुटांचा आकडा दाखवतात. हे गृहीतक निर्मात्याने पूर्ण भरलेल्या स्पूलसाठी बसवलेले असते. भरलेल्या स्पूलचा व्यास ६० मिलीमीटर असेल तर एका फेऱ्यात सुमारे १८८ मिलीमीटर दोरा सुटतो. तोच स्पूल अर्धवट भरून व्यास ४५ मिलीमीटरवर आला, तर एका फेऱ्यात १४१ मिलीमीटरच सुटतो. काउंटरला यातला फरक कळण्याचा मार्ग नाही. तो १०० दाखवेल आणि पाण्यात ७५ फूट दोरा असेल.

येथे एक गैरसमजही दूर करावा. दोरा बाहेर जाताना स्पूलचा व्यास सतत कमी होतो, म्हणून काउंटर मुळातच निरुपयोगी आहे, असे काही जण म्हणतात. वरच्याच स्पूलची रुंदी ४५ मिलीमीटर आहे आणि दोरा ०.३३ मिलीमीटर जाडीचा आहे असे धरले, तर १०० फूट दोरा सुटल्यावर व्यास जेमतेम पाऊण मिलीमीटर कमी होतो, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आसपास. एवढी चूक कोणालाही परवडते. याउलट दोरा स्पूलच्या पूर्ण भरलेल्या पातळीपेक्षा ३ मिलीमीटर खाली राहिला, तर व्यास ६ मिलीमीटरने घटतो आणि पहिल्या फुटापासून १० टक्क्यांची चूक सुरू होते. खरा प्रश्न दोरा सोडण्याचा नसून रीळ भरण्याचा आहे.

दोऱ्याची निवड

दोरा जितका जाड, तितका पाण्याचा अवरोध जास्त आणि आमिष तितके वर. पुढे पाते असलेले, ओढल्यावर खाली जाणारे क्रँकबेट बारीक ब्रेडवर (अनेक तंतू विणून केलेल्या दोऱ्यावर) बांधले तर ते त्याच लांबीच्या मोनो दोऱ्यापेक्षा (नायलॉनच्या एकाच सलग तंतूच्या दोऱ्यापेक्षा) जास्त खोल जाते. १० पौंडी, म्हणजे सुमारे १० पौंड ताणाला तुटणारा, मोनो साधारण ०.२८ ते ०.३० मिलीमीटर जाडीचा असतो, तर २० पौंडी ब्रेड त्याहून बारीक असतो. आमिषाच्या खोक्यावर किंवा अमेरिकेतल्या ग्रेट लेक्ससाठी तयार झालेल्या तक्त्यांत दिलेली खोली पुष्कळदा १० पौंडी मोनोवर घेतलेली असते. ते तक्ते तिकडच्या वॉलाय आणि सामन माशांसाठी बनले असले तरी आकडे आमिषाचे आणि दोऱ्याचे आहेत, माशाचे नाहीत. म्हणून दोरा त्याच जाडीचा असेल तर आपल्याकडेही ते सुरुवातीचा अंदाज म्हणून वापरता येतात.

मोनो ताणला जातो, त्यामुळे लांब अंतरावर मासा गळाला टोचला जाण्यात ढिलाई येते. पण हाच ताण माशाचा पहिला झटका सोसतो. ब्रेड ताणत नाही आणि आमिषाची थरथर रॉडच्या टोकापर्यंत पोहोचवतो, त्यामुळे आमिषात गवत अडकले की लगेच कळते. गाळ आणि पाणवनस्पती असलेल्या आपल्या धरणांत हा मोठा फायदा आहे. मी ब्रेड आणि पुढे १० ते १२ फुटांचा फ्लुरोकार्बनचा (पाण्यात कमी दिसणाऱ्या दोऱ्याचा) तुकडा वापरतो. कोणताही दोरा निवडा, परंतु सोबत चालणाऱ्या सर्व रिळांवर एकाच जाडीचा आणि शक्यतो एकाच कंपनीचा दोरा असला पाहिजे. पौंडांचा आकडा पाहून दोरा जुळवू नये, मिलीमीटरचा आकडा पाहावा. दोन कंपन्यांच्या २० पौंडी ब्रेडची जाडी सारखी असेलच असे नाही.

बॅकिंग आणि रीळ भरणे

ट्रोलिंगच्या रिळात बराच दोरा मावतो, आणि संपूर्ण रीळ महाग ब्रेडने भरण्याची गरज नसते. तळाशी स्वस्त मोनोचे बॅकिंग, म्हणजे भरावाचा दोरा, आणि वर १५० मीटर मुख्य दोरा एवढे पुरते. बॅकिंगचा दुसरा उपयोग असा की गुळगुळीत धातूच्या स्पूलवर थेट गुंडाळलेला ब्रेड जोराचा ताण आल्यावर संपूर्ण गठ्ठ्यासह गरकन फिरतो. मोनो स्पूलला धरून राहतो आणि ब्रेड मोनोला.

अडचण एवढीच की बॅकिंग किती घालावे हे आधी कळत नाही. कमी घातले तर स्पूल अपुरा भरतो, जास्त घातले तर मुख्य दोरा उरतो. यावर उलट भरण्याची जुनी युक्ती उत्तम चालते. प्रथम रिकाम्या रिळावर मुख्य दोरा गुंडाळावा, त्याच्या टोकाला मोनो जोडावा आणि स्पूलच्या काठापासून सुमारे २ मिलीमीटर अंतर राहीपर्यंत मोनो भरून कापून टाकावा. आता दोन्ही दोऱ्यांचे प्रमाण बरोबर आहे, मात्र क्रम उलटा आहे. तुमच्याकडे तसेच दुसरे रीळ असेल तर मोनोचे मोकळे टोक त्या दुसऱ्या रिळाच्या स्पूलला बांधून सगळा दोरा तिकडे ओढून घ्यावा. मोनो तळाशी जातो, ब्रेड वर येतो आणि दुसरे रीळ तयार होते. दुसरे रीळ नसेल तर दोऱ्याची दोन रिकामी भेंडोळी लागतात. रिळावरून पहिल्यावर, पहिल्यावरून दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरून पुन्हा रिळावर असा दोरा फिरवला की क्रम सरळ होतो. एकाच भेंडोळ्यावर भागवायला गेल्यास मुख्य दोरा पुन्हा तळाशीच जातो; रात्री अकरा वाजता ही चूक लक्षात येणे फार त्रासदायक असते.

भरताना ताण एकसारखा असावा. ओल्या सुती फडक्यात दोरा चिमटीत धरून, कोणाला तरी भेंडोळे धरायला बसवून, सावकाश हँडल फिरवावे. सैल भरलेला ब्रेड पहिल्याच मोठ्या माशाच्या ओढीत खालच्या थरात रुततो, आणि तसे झाले नाही तरी वापराने दबून स्पूलचा व्यास घटतो व काउंटर पुन्हा खोटे बोलू लागतो. बॅकिंग आणि मुख्य दोऱ्याची गाठ बारीक, दोऱ्याच्या दिशेने ओढून घट्ट केलेली असावी. ती १५० मीटर खाली असल्याने ट्रोलिंगमध्ये सहसा बाहेर येत नाही, तरी लेव्हल वाइंडच्या (दोरा स्पूलवर सारखा पसरवण्यासाठी डावी-उजवीकडे सरकणाऱ्या मार्गदर्शकाच्या) फटीतून अडखळल्याशिवाय जाते की नाही हे एकदा पाहून घ्यावे.

रिळांची जोडी लावायची असेल तर पहिले रीळ भरतानाच काउंटर शून्यावर आणून बॅकिंग संपले तेव्हाचा आकडा टिपून ठेवावा. दुसऱ्या रिळावर त्याच आकड्यापर्यंत बॅकिंग भरले की दोन्ही जवळजवळ सारखी होतात. मात्र रीळ एकाच मॉडेलचे हवे. एकच काउंटर असलेले पण वेगळ्या आकाराचे रीळ जोडीला घेणे ही माझ्या मते पैशाची बचत नाही.

मैदानावरची मोजणी

आता प्रत्यक्ष तपासणी. यासाठी होडी लागत नाही, पाणीही लागत नाही. १०० फुटांची मोजणीची टेप आणि सकाळची मोकळी जागा पुरते. टेप घेताना ती फुटांची आहे की मीटरची हे पाहावे, कारण ३० मीटरची टेप ९८.४ फुटांवर संपते आणि अनेक जण तिलाच १०० फूट धरतात. मी ही मोजणी ओळखीच्या एका द्राक्षबागेत, दोन ओळींमधल्या सरळ पट्ट्यात करतो: वारा कमी लागतो आणि दोरा बांधायला खांब आयता मिळतो. फक्त छाटणी किंवा काढणीच्या धांदलीत बागाईतदाराकडे ही विनंती घेऊन जाऊ नये.

दोऱ्याचे टोक खांबाला बांधावे. रीळ खांबाजवळ धरून काउंटर शून्यावर आणावा. ड्रॅग (ओढ ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की स्पूलला फिरू देणारा रिळाचा ब्रेक) हलका ठेवून, स्पूल फिरत राहील इतक्याच ताणाने मागे चालत जावे. ट्रोलिंगमध्ये आमिषाची ओढ जेवढी असते तेवढाच ताण असला की पुरे. टेपवर ५० फूट, १०० फूट आणि टेप पुन्हा लावून १५० फूट अशा तीन ठिकाणी थांबून काउंटरचा आकडा लिहावा. परत येताना दोरा ताणातच गुंडाळावा आणि सगळे एकदा पुन्हा करावे. दोन्ही वेळचे आकडे दोन फुटांच्या आत आले तर मोजणी विश्वासार्ह मानावी.

समजा १०० फुटांवर काउंटर ११२ दाखवतो. म्हणजे एका फेऱ्यात गृहीत धरल्यापेक्षा कमी दोरा सुटत आहे, स्पूल अपुरा भरलेला आहे. शक्य असेल तर बॅकिंग वाढवावे. ते करायचे नसेल तर रिळाच्या बाजूला पांढरी पट्टी चिकटवून त्यावर १.१२ लिहावे, आणि पाण्यात ८० फूट दोरा हवा असेल तेव्हा ८० ला १.१२ ने गुणून काउंटर ९० वर येईपर्यंत दोरा सोडावा. याउलट १०० फुटांवर ९४ दिसत असेल तर स्पूल गरजेपेक्षा जास्त भरला आहे. असा स्पूल काठावरून दोरा सांडण्याचीही भीती असते, म्हणून तेथे गुणाकारात न पडता थोडा दोरा काढून टाकावा.

माझा आग्रह मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. काउंटर नेमका १०० दाखवतो की १०६, याला फारसे महत्त्व नाही. दोन्ही रिळे १०६ दाखवत असतील तर तुमची जोडी उत्तम आहे, कारण ज्या आकड्यावर मासा लागला त्याच आकड्यावर दुसरे आमिष पाठवता आले पाहिजे, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेथेच पोहोचता आले पाहिजे. एक रीळ ९८ आणि दुसरे १०६ असेल तर दोन्ही वेगवेगळी चांगली असूनही जोडीला ती वाईट आहेत.

काउंटर नसलेले रीळ

लाईन काउंटरचे रीळ आपल्याकडे सहज मिळत नाही आणि मिळाले तर महाग पडते. साध्या लेव्हल वाइंड रिळावरही काम होते. दोऱ्याचे मार्गदर्शक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेले की एक फेरी असे धरून, मैदानावर १०० फुटांत किती फेऱ्या होतात ते मोजावे. माझ्या जुन्या रिळावर त्या १४ होतात, म्हणजे एका फेरीला सात फुटांहून किंचित जास्त. मात्र दोरा सोडताना हे मार्गदर्शक थांबून राहते अशी काही रिळे असतात. त्यांच्यावर ही पद्धत चालत नाही.

दुसरा मार्ग रंगीत ब्रेडचा. अशा ब्रेडचा रंग दर १० मीटरला बदलतो, म्हणजे तीन रंग गेले की सुमारे ९८ फूट झाले, आणि येथे स्पूलच्या व्यासाचा प्रश्नच उरत नाही. एका परीने हा काउंटरपेक्षा प्रामाणिक उपाय आहे. पहाटेच्या अंधुक उजेडात रंग ओळखू येत नाहीत एवढीच त्याची खोट. एकरंगी दोऱ्यावर पक्क्या शाईच्या मार्करने खुणा करता येतात, पण त्या काही फेऱ्यांत फिकट होतात. ठरावीक अंतरावर शिवणाच्या दोऱ्याची छोटी गाठ आवळून बांधली तर ती बोटाला लागते आणि अंधारातही उपयोगी पडते.

ड्रॅग

ड्रॅग दोऱ्याच्या तुटण्याच्या क्षमतेच्या २५ ते ३० टक्क्यांवर लावावा आणि तो अंदाजाने न लावता छोट्या स्प्रिंग काट्याने मोजावा: २० पौंडी दोऱ्याला ५ ते ६ पौंड, म्हणजे सव्वादोन ते पावणेतीन किलो. न ताणणाऱ्या ब्रेडवर मी याहूनही थोडा हलका ठेवतो. खोलीच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की ड्रॅग फार सैल असला तर आमिषाच्या ओढीनेच दोरा हळूहळू सुटत राहतो. रॉड स्टँडमध्ये लावताना ९० दाखवणारा काउंटर दहा मिनिटांनी ९५ दाखवत असेल, तर मासा येऊन गेला असे समजू नये.

पाण्यावर

सर्वांत आधी परवानगी. महाराष्ट्रातील जलाशयांत मासेमारीचे हक्क पुष्कळ ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, आणि गंगापूर धरणातून नाशिक शहराला पिण्याचे पाणी जाते, त्यामुळे तेथे होडी आणि इंजिन यांबाबतचे नियम आधी विचारून घेणे भाग आहे. नांदूर मधमेश्वर हे अभयारण्य असून रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. तेथे गळ टाकण्याचा विचारही करू नये. जेथे परवानगी असेल तेथे बॅटरीवर चालणारी छोटी मोटर सर्वांत सोयीची: आवाज नाही, तेल नाही आणि वेग स्थिर राहतो. लाइफ जॅकेट अंगात असावे, होडीच्या तळाशी नव्हे.

काउंटर शून्यावर कधी आणायचा याचा एक नियम ठरवून घ्यावा. आमिष रॉडच्या टोकाशी असताना शून्य करा किंवा ते पाण्याला टेकल्यावर करा, पण दर वेळी आणि प्रत्येक रिळावर तेच करा. होडी ठरलेल्या वेगाला आल्यावरच, अंगठ्याने स्पूलवर हलका दाब ठेवून दोरा सोडावा. थांबलेल्या होडीतून भसकन सोडलेला दोरा पाण्यावर सैल पडतो आणि काउंटर पुढे पळतो.

वेग मोबाइलच्या जीपीएसवर पाहता येतो. ताशी अडीच ते चार किलोमीटर ही सुरुवातीला योग्य मर्यादा आहे. पात्याचे क्रँकबेट या मर्यादेत आपली खोली बरीचशी टिकवून ठेवते. शिशाचे वजन लावलेले आमिष तसे नाही. वेग वाढला की ते वर येते आणि घटला की खाली बसते. चिमट्याने अडकवायच्या वजनासाठी एक सोपी पद्धत आहे. आमिषामागे ५० फूट दोरा सोडावा, तेथे वजन अडकवावे आणि आणखी ५० फूट सोडावे. लांबी दर वेळी तीच राहते, फक्त वजन बदलून खोली बदलता येते. शिशाचा गाभा असलेल्या दोऱ्याचा रंग दर १० यार्डांना, म्हणजे ३० फुटांना बदलतो आणि अशा दोऱ्याची लांबी बोलतानाही ‘चार रंग सोडले’ अशीच सांगतात.

होडी वळताना आतल्या बाजूचे आमिष मंदावते आणि बाहेरचे वेगाने जाते. वजनाचे आमिष आतल्या बाजूला बुडते, तरंगणारे क्रँकबेट तेथेच वर येते. वळणावर मासा लागला तर तो कोणत्या बाजूला लागला हे लक्षात ठेवावे, कारण त्यातून मासे आमिषाच्या खाली आहेत की वर, याची सूचना मिळते.

तळाला विचारणे

लांबी पक्की झाली. तिच्यावरून खोली कशी कळणार? दोरा पाण्याशी करत असलेल्या कोनावरून गणित मांडता येते (१०० फूट दोरा १५ अंशांत असेल तर सुमारे २६ फूट), परंतु दोरा पाण्यात सरळ नसून कमानीसारखा वाकलेला असतो, म्हणून हे उत्तर अंदाजापुरतेच. खात्रीचा मार्ग तळ गाठण्याचा. फिश फाइंडरवर (ध्वनिलहरींनी पाण्याची खोली दाखवणाऱ्या यंत्रावर) एकसारखा तळ दाखवणारी जागा शोधावी, समजा १५ फुटांची. तेथे ठरलेल्या वेगाने जात ५० फुटांपासून सुरुवात करून दर फेरीला ५ फूट दोरा वाढवावा. आमिष तळाला घासू लागले की रॉडचे टोक तुटक ठोके देते. त्या क्षणीचा काउंटरचा आकडा म्हणजे त्या आमिषाचे, त्या दोऱ्यावरचे १५ फूट. मग १२ आणि १८ फुटांच्या तळावर हेच करावे. सुरुवातीला थोड्या दोऱ्यात आमिष बरेच खाली जाते आणि पुढे दोरा वाढवूनही खोली फारशी वाढत नाही, हे या तीन आकड्यांतच दिसून येते.

आपल्या धरणांचा एक विशेष येथे कामी येतो. पावसाळ्यानंतर भरलेला जलाशय मे महिन्यापर्यंत इतका उतरतो की ऑक्टोबरमध्ये होडी जेथून जाते तेथे उन्हाळ्यात चालत जाता येते. मे महिन्यात काठाने फिरून सपाट पट्टे, जुने बांध, खडक आणि झाडांचे बुंधे यांच्या खुणा मोबाइलच्या नकाशावर घालून ठेवाव्यात. चाचणीसाठी सपाट जागा आणि महाग आमिष गमावण्याच्या जागा, दोन्ही त्यात मिळतात. याच कारणाने वहीत जागेचे नाव लिहून खोली गृहीत धरू नये. दर वेळी फिश फाइंडरवरची त्या दिवशीची खोली लिहावी.

मच्छीमारांची जाळी हा दुसरा विषय. प्लास्टिकच्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे ओळीने तरंगताना दिसले की ती ओळ ओलांडू नये, समांतर जावे आणि टोकापासून अंतर ठेवून वळावे. मागे शंभर फूट दोरा आहे, होडी पार झाली म्हणजे आमिष पार झाले असे नाही. जाळ्यात आमिष अडकलेच तर जाळे न कापता आपला दोरा कापावा.

वहीत प्रत्येक फेरीसाठी एक ओळ पुरते: रिळाचा क्रमांक, दोरा, आमिष, काउंटरचा आकडा, वेग, तळाची खोली आणि मासा लागला असल्यास कोणता. दोरा तुटून ५० फुटांपेक्षा जास्त गेला, दोरा बदलला किंवा नवा मोसम सुरू होणार असला, की रीळ पुन्हा टेपला लावावे. खडस (महसीर) लागला तर त्याचे फक्त माप लिहावे आणि तो पाण्यात सोडावा. घरी आल्यावर ड्रॅग सैल करून ठेवावा, नाही तर आतल्या चकत्या दबून चिकटतात आणि पुढच्या वेळी काट्यावर लावलेला आकडा पहिल्या ओढीला जुळत नाही.